ब्रेसलेटची पट्टी पिळते, मणी अडतो, गाठ सुटते : मॅक्रमेच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

चौकोनी गाठींची पट्टी पाच-सहा गाठी सरळ येते आणि मग गोल फिरायला लागते. मण्याचं भोक दिसायला मोठं, पण दुसरा दोरा काही केल्या आत शिरत नाही. दोन बोटं पट्टी राहिली असताना दोरा संपतो. हे सगळं निभावलं, तर चार दिवसांनी बंदाची गाठ सैल पडते. मण्यांचं मॅक्रमे, म्हणजे दोऱ्याला गाठी मारत केलेली वीण, पहिल्यांदा करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. राखीपौर्णिमेच्या आधीच्या महिन्यात तर जास्तच, कारण राखीची पट्टी याच गाठीने बांधली जाते आणि एकेका घरात पाच-दहा नग एकदम करायला घेतले जातात.

यातली पहिली तक्रार हाताच्या सवयीची आहे. बाकीच्या बहुतेक तक्रारी दुकानात दोरा आणि मणी निवडतानाच ठरून गेलेल्या असतात. म्हणून गाठ अजून घट्ट ओढून, अजून गोंद लावून त्या सुटत नाहीत.

खाली दिलेली मापं एका साध्या ब्रेसलेटसाठी आहेत. मनगट १६ सें.मी. धरलं आहे. दोरा १ मि.मी. जाडीचा, गोफासारखा विणलेला नायलॉन किंवा पॉलिस्टर. मधले दोरे, म्हणजे ज्यांच्याभोवती गाठी बसतात ते, दोन, प्रत्येकी ६० सें.मी. गाठी मारायच्या बाजूच्या दोऱ्यासाठी १८० सें.मी.चा एकच तुकडा. तो मध्यावर धरून मधल्या दोऱ्यांमागून घेतला की दोन्ही बाजूंना ९०-९० सें.मी. मिळतो. मणी ८ मि.मी.चे, २ मि.मी. भोकाचे, पाच ते सात. शिवाय टोकांना लावायला लहान मणी चार आणि सरकत्या बंदासाठी, म्हणजे ब्रेसलेट सैल-घट्ट करणाऱ्या गाठींसाठी, ४० सें.मी.चा वेगळा तुकडा. सगळं परीक्षेच्या पॅडला क्लिपने अडकवून करायचं. मधल्या दोऱ्यांची खालची टोकं पॅडच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने ताणून लावली की अर्धं काम सोपं होतं. उशीला सेफ्टी पिनने अडकवून केलेल्या कामात मधले दोरे कधीच पुरेसे ताठ राहत नाहीत.

पट्टी पिळते

चौकोनी गाठ म्हणजे दोन अर्ध्या गाठी. पहिली डावीकडून, दुसरी उजवीकडून. दुसरी अर्धी गाठही डावीकडूनच मारली गेली की पट्टी पिळायला सुरुवात होते. हा दोऱ्याचा दोष नाही. एकाच बाजूने अर्ध्या गाठी मारत राहिलं तर साधारण ४ ते ६ गाठींत पट्टी अर्धा फेर घेते. पिळाची पट्टी मुद्दाम करतात ती अशीच. म्हणजे हात दुसरीच वीण विणत असतो, आणि ती बरोबर विणत असतो.

डावा दोरा दोन्ही मधल्या दोऱ्यांच्या पुढून उजवीकडे न्यायचा. उजवा दोरा त्याच्या शेपटीवरून घेऊन मधल्या दोऱ्यांच्या मागून डावीकडे न्यायचा आणि डावीकडे तयार झालेल्या फासातून वर काढायचा. ओढायचं. ही पहिली अर्धी गाठ. आता जो दोरा पुढून गेला होता तो उजव्या हाताला आला आहे. त्यालाच पुन्हा पुढून डावीकडे आणायचं. डावा दोरा त्याच्या शेपटीवरून, मग मागून, उजवीकडच्या फासातून वर. ओढायचं. एक चौकोनी गाठ पूर्ण झाली.

यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : जो दोरा एकदा पुढून गेला, तोच कायम पुढून जाईल. ‘एकदा डावा, एकदा उजवा’ असं मोजत बसलं की फोन वाजला, दाराची बेल वाजली की मोजणी चुकते. दोरा लक्षात ठेवला तर मोजायचं काही उरतच नाही.

शिकताना बाजूचे दोन दोरे दोन रंगांचे घ्या. समजा, लाल आणि पांढरा. प्रत्येकी ९० सें.मी., वरच्या टोकाला मधल्या दोऱ्यांसोबत एका गाठीत बांधलेले. लाल पुढून सुरू केला तर पट्टीच्या मधोमध आडवे पट्टे फक्त लाल दिसले पाहिजेत आणि पांढरा फक्त कडांना. मधोमध पांढरा पट्टा दिसला, की तीच चुकलेली अर्धी गाठ. पहिली दोन-तीन ब्रेसलेटं अशी दोन रंगांत केलीत, तर पुढे एकरंगी दोऱ्यावरही डोळा आपोआप चूक पकडतो.

एकरंगी पट्टीवर काम मधेच सोडून उठलात आणि परत आल्यावर कुठला दोरा पुढून घ्यायचा ते आठवत नाही, तर पट्टीच्या कडा बघा. प्रत्येक अर्ध्या गाठीनंतर एका कडेला दोऱ्याचा छोटा उभा वेढा तयार होतो, आडव्या दोऱ्याला मिठी घातल्यासारखा. सगळ्यांत खालचा, म्हणजे शेवटचा उभा वेढा ज्या बाजूला आहे, त्या बाजूचा दोरा आता पुढून जाणार. गाठ अर्धी असो की पूर्ण, हा नियम दोन्हीकडे चालतो. सरळ पट्टीत हे वेढे एक डावीकडे, एक उजवीकडे असे पाळीपाळीने येतात. एकाच बाजूला लागोपाठ दोन दिसले, की चूक तिथे आहे. बोथट टोकाची दाभण त्या उभ्या वेढ्याखाली घालून वेढा सैल करा आणि तिथपर्यंत उसवा. पुढे एक जास्तीची उलटी गाठ मारून पीळ भरून काढण्याचा प्रयत्न बरेच जण करतात. पट्टी सपाट पडल्यासारखी वाटते, पण त्या जागी कड कायम तिरकी दिसते.

गाठी बरोबर आहेत, वेढे पाळीपाळीने येताहेत आणि तरीही पट्टी वळते, असंही होतं. मग कारणं वेगळी असतात. सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण मण्याच्या आत असतं. दोन मधले दोरे मण्यातून ओवताना आतल्या आत एकमेकांवरून गेले, म्हणजे डावा दोरा खालून उजवीकडे निघाला, की त्या मण्यापाशी पट्टी अर्धा फेर घेते. बाहेरून काही दिसत नाही. मणी वर सरकवल्यावर, पुढची गाठ मारण्याआधी, दोन्ही मधले दोरे चिमटीत ताणून बघा आणि डावा डावीकडेच आहे ना याची खात्री करा. शंका असेल तर एका मधल्या दोऱ्याच्या टोकाला पेनने खूण करून ठेवा.

दुसरं कारण ओढण्यातल्या फरकाचं. उजवा हात नेहमी जास्त जोर लावतो. त्याने पट्टी पिळण्यापेक्षा एका अंगाला कमानीसारखी वाकते. दोन्ही दोरे एकाच वेळी, आडवे, सारख्या जोराने ओढायचे. ओढताना वर किंवा खाली नाही. तिसरं कारण पीळ दिलेला दोरा. तीन पदरी पिळाचा सुती दोरा हाताळताना उलगडत जातो आणि आपला पीळ पट्टीला देतो. शिकण्यासाठी गोफ विणलेला दोराच बरा. सुती पट्टी थोडी वळली असेल तर ओलसर करून टाचण्यांनी सपाट ताणून रात्रभर वाळू द्या, बऱ्यापैकी बसते. नायलॉन किंवा पॉलिस्टरवर मात्र इस्त्री फिरवू नका. दोरा आखडतो, चकाकी जाते, आणि पीळ होता तिथेच राहतो.

मण्यात दोरा जात नाही

मण्याचं माप आणि भोकाचं माप यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. ६ मि.मी.च्या काचेच्या मोत्याचं किंवा खड्याच्या मण्याचं भोक बहुधा १ मि.मी.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. तेवढ्याच मापाच्या लाकडी मण्याला ते दुप्पट असू शकतं. बारीक काचेच्या मण्यांत ११ नंबरचा मणी ८ नंबरपेक्षा लहान आणि ८ नंबरचा ६ नंबरपेक्षा लहान, म्हणजे आकडा मोठा तेवढा मणी बारीक. ११ नंबरला भोक साधारण पाऊण मि.मी., ८ नंबरला १ मि.मी.च्या आसपास, ६ नंबरला सव्वा ते दीड. कंपनीनुसार यात फरक पडतो. चौकोनी गाठीच्या पट्टीत मण्यातून दोन दोरे जातात. १ मि.मी.च्या दोन दोऱ्यांना सरळ हिशेबाने २ मि.मी. भोक लागतं. दोरा मऊ असेल तर दाबून थोड्या कमी भोकातून जातो, पण त्या ‘थोड्या’वर विसंबून अख्खी माळ विकत घेऊ नये.

दुकानात जाताना आपल्या दोऱ्याचा १५ सें.मी.चा तुकडा पर्समध्ये ठेवा. टोकाला पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळवून, तिरका कापलेला. आधी एकदा ओवा, मग तेच टोक परत फिरवून दुसऱ्यांदा ओवा. दोन्ही वेळा गेला तर मणी चालेल. माळेतल्या एकाच मण्यावर भरवसा ठेवू नका. वरचा, मधला, खालचा असे चार-पाच मणी बघा, कारण स्वस्त माळेत भोकं सारखी नसतात. ठाण्यात जांभळी नाका आणि गावदेवीच्या बाजूची दुकानं असोत, वाशीतली मॅचिंग सेंटरं असोत की घाऊक खरेदीसाठी गाठलेलं भुलेश्वर, सुटे मणी दाखवणारा दुकानदार ही परीक्षा करू देतो. बंद पाकिटातले मणी घेताना ती करता येत नाही, म्हणून पहिल्या कामासाठी बंद पाकीट टाळलेलं चांगलं.

मणी घरी येऊन पडले आहेत आणि दोरा जात नाही, तर आधी दोऱ्याचं टोक बारीक करा. गोफ विणलेल्या अनेक दोऱ्यांच्या पोटात सुटे धागे असतात. टोकाचं वरचं विणकाम मागे सरकवा, आतले धागे २ सें.मी. बाहेर ओढून कापा, वेष्टण पुन्हा पुढे ओढा. टोक जवळपास अर्ध्या जाडीचं होतं. मग त्यावर नेलपॉलिश लावून, दहा मिनिटं वाळवून तिरकं कापा. दोन दोरे ओवायचे तर दोन्ही टोकं एकाच ठिकाणी आणू नका. एक टोक दुसऱ्याच्या २-३ सें.मी. पुढे ठेवून दोन्ही नेलपॉलिशने एकमेकांना चिकटवा. पहिला दोरा आत जाऊन वाट करतो, दुसरा त्याच्या मागोमाग जातो. तंगुसाची घडी मण्यातून काढून तिच्यात दोरा अडकवून ओढणं हा उपाय बरेच जण सांगतात. तो मोठ्या भोकाला ठीक आहे. भोक आधीच तंग असेल तर वळलेल्या जागी दोरा दुहेरी होतो आणि नेमका तिथेच अडकतो.

टोकाची अडचण नसून दोरेच मावत नसतील तर मांडणी बदला. मधले दोरे ०.६ किंवा ०.८ मि.मी.चे घ्या, बाजूचे १ मि.मी.चेच ठेवा. वरून दिसणारी गाठ बाजूच्या दोऱ्यांची असते, त्यामुळे दिसण्यात फारसा फरक पडत नाही, पट्टी थोडी अरुंद होते एवढंच. दुसरी वाट म्हणजे मणी मधल्या दोऱ्यांत ओवायचेच नाहीत. प्रत्येक चौकोनी गाठीआधी बाजूच्या प्रत्येक दोऱ्यात एकेक ओवायचा. तिथे भोकातून एकच दोरा जातो, आणि दोन्ही कडांना मण्यांची ओळ येते. ६ नंबरच्या मण्यांना ही मांडणी फार शोभते, आणि राखीलाही.

भोक मोठं करणं हा शेवटचा उपाय. लाकडी मण्याचं भोक गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने सहज वाढतं. काच आणि खडा यांना हिऱ्याच्या भुकटीची कानस लागते. मणी पाण्यात बुडवून, हळूहळू, दोन्ही बाजूंनी घासायचं. कोरडं घासलं तर मणी तडकतो आणि काचेची धूळ उडते. मुलामा दिलेल्या मोत्यांच्या वाटेला जाऊ नका. भोकाच्या कडेचा पापुद्रा उडाला की तो पुढे सुटतच जातो.

दोरा कमी पडतो

अंदाज असा : १ मि.मी.चा दोरा दोन मधल्या दोऱ्यांवर घट्ट बांधला, तर जेवढी लांबी गाठींनी भरायची तिच्या साधारण चौपट दोरा प्रत्येक बाजूला खर्च होतो. शेवटी हातात धरायला १५ ते २० सें.मी. लागतोच. १५ सें.मी. पट्टीला म्हणून प्रत्येक बाजूला ७५ ते ८० सें.मी., थोडा जास्तीचा धरून ९०. मणी जिथे येतात तिथे दोरा फक्त मण्याच्या कडेने जातो, त्यामुळे मणी जास्त तेवढा दोरा कमी लागतो. मधे दोनऐवजी चार दोरे असतील तर हा हिशेब चालत नाही, गाठ रुंद होते आणि खर्च वाढतो.

प्रत्येकाचा हात वेगळा असतो, म्हणून नवा दोरा घेतला की नमुना करा. बाजूचे दोरे बरोबर ५० सें.मी. मोजून कापा, दहा चौकोनी गाठी मारा, पट्टी किती झाली आणि दोरा किती उरला ते मोजा. खर्चलेल्या लांबीला पट्टीच्या लांबीने भागलं की तुमच्या हाताचा आकडा मिळतो. तो रिळावरच लिहून ठेवा. सैल हाताच्या आणि घट्ट हाताच्या खर्चात चांगलाच फरक निघतो.

मधेच लक्षात आलं की दोरा पुरणार नाही, तर टोक बोटाएवढं होईपर्यंत थांबू नका. ८-१० सें.मी. उरलेला असतानाच नवा दोरा घाला, आणि तो मण्याच्या जागी घाला. नव्या दोऱ्याचा मध्य मधल्या दोऱ्यांच्या मागे ठेवून त्यानेच पुढची चौकोनी गाठ बांधा. जुनी टोकं मागच्या बाजूला वळवा. तीन-चार गाठी झाल्यावर ती २ मि.मी. ठेवून कापा आणि वितळवून बसवा. मण्याच्या मागे सांधा लपतो. दोन दोऱ्यांची टोकं एकमेकांना गाठ मारून जोडलीत तर ती गाठ पट्टीच्या मधोमध फुगून बसते आणि कपड्याला अडकते.

गाठ सुटते

आधी दोरा कशाचा आहे ते ओळखा. दुकानात नायलॉन, पॉलिस्टर आणि मेण लावलेला सुती दोरा शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, नाव विचारलं तर सगळ्यांना ‘मॅक्रमेचा दोरा’ म्हणतात, आणि तिघांची टोकं बंद करायची रीत वेगळी. ५ सें.मी.चा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवून बघा, खिडकी उघडी ठेवून. सुती दोरा कागदासारखा जळतो, मागे मऊ राखाडी राख राहते. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून मागे सरकतात आणि थंड झाल्यावर कडक गोळी होते. पॉलिस्टरचा धूर काळा, काजळीचा असतो. राख झाली तर वितळवून टोक बंद करण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे गोंद हवा. मेणाच्या सुती दोऱ्याचं टोक लायटरने वितळवल्यासारखं वाटतं ते फक्त मेण असतं. दोन दिवसांत ते चुरा होऊन पडतं आणि गाठ मोकळी होते. नवशिक्यांच्या सुटलेल्या गाठींमागे हे कारण फार मोठं आहे.

पावसाळ्यात इथे आणखी एक भर पडते. वस्त्रशास्त्राच्या नेहमीच्या मोजणीत, ६५ टक्के आर्द्रतेला, सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, नायलॉन सुमारे ४, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईची हवा त्याहून पुष्कळ दमट असते, त्यात मनगटाचा घाम. सुती गाठ फुगते, वाळते, पुन्हा फुगते आणि दर वेळी थोडी ढिली होते. नायलॉनही ओला झाला की किंचित लांबतो. म्हणून रोज घालायचं, लोकलच्या गर्दीत घामाने भिजणारं ब्रेसलेट असेल तर मेण लावलेला पॉलिस्टर दोरा घ्या. मेणामुळे गाठ धरून राहते, टोक वितळतं, आणि ओलाव्याने लांबी बदलत नाही. चकचकीत सॅटिनचा दोरा दिसायला सगळ्यांत सुंदर आणि गाठ धरायला सगळ्यांत वाईट. तो राखीला चालेल, बंदाला नको.

टोक वितळवताना चुकतं ते असं. लायटरच्या पिवळ्या ज्योतीत दोरा धरला की काजळी बसते, फिक्या रंगाचं टोक काळं-पिवळं होतं. ज्योतीच्या तळाचा निळा भाग वापरा, आणि दोरा ज्योतीत न घालता शेजारी धरा. त्याहून सोपी उदबत्ती. बारीक दोऱ्याला तिचं लाल टोक पुरतं आणि ज्योत नसल्याने शेजारची गाठ पोळत नाही. दोरा २ मि.मी. ठेवून कापायचा. अगदी गाठीलगत कापला तर वितळायला काही उरत नाही, ५ मि.मी. ठेवला तर टोचणारा खडा तयार होतो. उदबत्ती टोकाजवळ आणली की दोरा आधी आक्रसतो, मग त्याची कड गोल होते, मग ती ओलसर चमकते. चमक दिसली की थांबायचं आणि लगेच चमच्याच्या पाठीने गाठीवर दाबायचं, दोन सेकंद. बोटाने नाही. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं. दाबल्यावर ती चकती गाठीच्या दोऱ्यांना धरून बसली पाहिजे. नखाने उचलून बघा. उचलली गेली तर ती फक्त टोपी आहे, कुलूप नाही. मुलांकडून ब्रेसलेट करून घेत असाल तर हे काम मोठ्यांनी करायचं.

सुती दोऱ्याला लवचीक पारदर्शक गोंद लागतो. दागिन्यांच्या कामाला बी-७००० नावाने मिळतो तो चांगला. गाठ पूर्ण ओढण्याआधी टाचणीच्या टोकाएवढा थेंब गाठीच्या पोटात घालायचा, मग ओढायची. वरून थापलेला गोंद गाठीला धरत नाही. वरवर तो लवकर सुकतो, पण पूर्ण पकड यायला २४ ते ४८ तास द्या आणि तोवर ब्रेसलेट घालू नका. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद मोहाचा वाटतो. तो दोऱ्यात शिरून दोरा काडीसारखा कडक करतो, वाकवलं की तिथेच तुटतो, आणि दमट हवेत गाठीभोवती पांढरी पूड धरतो. नेलपॉलिश दोरा ओवण्यापुरती ठीक, गाठ धरायला नाही.

सरकत्या बंदाची तक्रार दोन्ही टोकांची असते. एक तर तो आपोआप सैल होतो, नाही तर सरकतच नाही. ब्रेसलेटची दोन्ही टोकं एकमेकांवर विरुद्ध दिशांनी ठेवायची, आणि त्या सगळ्यांना मधले दोरे मानून ४० सें.मी.च्या तुकड्याने पाच चौकोनी गाठी मारायच्या. सैल होत असेल तर गाठींची संख्या बघा. दोन-तीन गाठींना घर्षण पुरत नाही, पाच हव्यात, दोरा गुळगुळीत असेल तर सात. ओढ पहिल्या गाठीपासून सारखी हवी. नवशिके पहिल्या दोन सैल आणि शेवटच्या घट्ट मारतात, मग बंद एका टोकाने धरतो आणि दुसऱ्याने सुटतो. तयार बंद हलवायला थोडा जोर लागला पाहिजे. आणि सरकतच नसेल तर बहुतेक वेळा वितळवलेलं टोक चुकून आतल्या सरकत्या दोऱ्याला चिकटलेलं असतं. ते टाळायला टोक वितळवताना आतले दोरे मागेपुढे हलवत राहा, आणि दाबताना टोक बंदाच्या कडेच्या गाठीवर दाबा, मोकळ्या दोऱ्यावर नाही. चिकटलं असेल तर ओढाताण करू नका. बंद कापून काढा आणि नव्या तुकड्याने पुन्हा बांधा, दहा मिनिटांचं काम आहे.

बंदाच्या चार टोकांना मणी लावून खाली साधी एकेरी गाठ मारली जाते, आणि ब्रेसलेट हातातून काढताना मणी नेमके तिथूनच निसटतात. एकेरीऐवजी दुहेरी मारा : फासातून टोक एकदा नाही, दोनदा फिरवून मग ओढा. गाठ मण्याच्या भोकापेक्षा मोठी आहे ना ते मणी खाली ओढून बघा. गाठ मण्यापासून लांब पडत असेल तर ती सैल असतानाच फासात दाभण घाला, दाभणीने फास मण्यापर्यंत ढकला, मग दाभण काढत काढत दोरा ओढा. मंगळसूत्र गाठवणाऱ्यांच्या हातात हीच युक्ती दिसते, फक्त त्यांची सुई बारीक आणि वेग दसपट.

गाठ शाबूत आणि दोरा मण्याजवळ तुटलेला असेल, तर दोष मण्याचा. धातूच्या स्वस्त मण्यांच्या भोकाला धार राहिलेली असते, पैलू पाडलेल्या काचेलाही असते. ओवण्याआधी भोकात दोऱ्याचा तुकडा घालून दहा-बारा वेळा मागेपुढे घासा. धागे उसवून तंतू दिसायला लागले तर बारीक पॉलिश पेपरने कड मोडा किंवा तो मणी बाजूला ठेवा. धारेच्या मण्याच्या दोन्ही अंगांना ११ नंबरचा बारीक मणी घालणं हाही चांगला उपाय आहे, त्याने गाठीचा फुगवटा धारेवर घासत नाही. मात्र त्या बारीक भोकातून तेवढाच बारीक, एकच दोरा जाणार. एकदा काचून तुटलेला दोरा सांधत बसू नका. गोंदाने जोडलेली ती जागा पुन्हा त्याच धारेखाली येणार आहे. मणी उतरवून घ्या, एकेक तपासा, आणि नव्या दोऱ्यावर गाठवा.